आमचा एंडर अभ्यासच करत नाही

‘एंडर्स गेम’ आवडलेल्या माणसाला पुस्तकाबद्दल काही विचारू नये. ‘शाळेत तुला कोण छळायचं?’ एवढंच विचारावं. नाव, आडनाव आणि कितव्या बाकावर बसायचा इथपर्यंत सगळं बाहेर येतं. समोरचा गृहस्थ आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर असेल, गुडघेबदलाच्या तारखा घेत असेल. पण चौथी ‘ब’मधल्या त्या दांडग्या पोराने आपली कंपासपेटी खिडकीतून भिरकावली होती, ही नोंद त्याच्या खात्यात अजून येणे बाकी म्हणून दिसते. कादंबरीवरचं त्याचं मत म्हणजे त्या बाकीवरचं व्याज.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी कथानक उरकून घेतो. ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाने 1977 साली ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात एक दीर्घकथा लिहिली आणि 1985 साली तिची कादंबरी केली. किड्यामुंग्यांच्या जातकुळीतल्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर दोनदा स्वारी केलेली आहे. तिसऱ्या युद्धासाठी सेनापती हवा आहे आणि मोठ्या माणसांच्या डोक्यावर सरकारचा फारसा भरवसा उरलेला दिसत नाही. (इथपर्यंत विज्ञानकथा वाटतही नाही.) म्हणून अँड्र्यू ऊर्फ एंडर विगिन या सहा वर्षांच्या पोराला घरातून उचलून अंतराळातल्या युद्धशाळेत नेतात. तिथे त्याला एकटं पाडतात, मुलांकरवी छळतात, झोपू देत नाहीत, आणि यातून तो तयार होईल असं कर्नल ग्रॅफ नावाचे मुख्याध्यापक ठामपणे सांगतात. कादंबरीला 1985 चं नेब्युला आणि 1986 चं ह्यूगो असे दोन्ही मोठे सन्मान मिळाले. तेव्हापासून वाचक तिच्यावरून भांडत आहेत.

भांडणात एक गोष्ट मात्र सर्वमान्य आहे. भेटेल तो वाचक एंडर असतो. एका वर्गात पन्नास मुलं धरली, तर त्यात हुशार, एकटं, कुणी समजून न घेतलेलं असं एखादं-दुसरं निघावं. छळणारी टोळी निदान पाच-सहा जणांची असणार आणि बाकीचे चाळीस जण गंमत बघत उभे असणार. हिशेबाने पाहिलं तर वाचकांमध्ये टोळीवाल्यांचं आणि बघ्यांचं बहुमत हवं. पण आजवर एकही वाचक मला असं म्हणाला नाही की, ‘काय रे तो स्टिल्सन! हुबेहूब मीच.’ हा स्टिल्सन पहिल्याच प्रकरणात भेटतो. एंडरच्या मानेत सरकारने बसवलेलं टेहळणीचं यंत्र नुकतंच काढलेलं असतं, आता मोठ्यांचं लक्ष नाही हे टोळीला कळलेलं असतं, आणि स्टिल्सन मुलांचं कोंडाळं करून त्याला ढकलू लागतो. एंडर त्याला लोळवतो. इथवर सगळ्या चौथी ‘ब’च्या टाळ्या. पण पोरगा खाली पडल्यावरही एंडर थांबत नाही, लाथा घालतच राहतो. कारण त्याला आजचं भांडण जिंकायचं नसतं, उद्याची आणि परवाचीही सगळी भांडणं आत्ताच जिंकून टाकायची असतात. स्टिल्सन त्या मारात मेला, हे वाचकाला फार उशिरा कळतं. गंमत म्हणजे, मी विचारलेल्या बहुतेकांच्या लक्षात टाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्याचं मरण नाही.

स्टिल्सन एंडरला चिडवतो ते ‘थर्ड’ म्हणून. त्या जगात दोनच मुलांची परवानगी आहे. थोरला पीटर फार क्रूर निघाला, मधली व्हॅलेंटाइन फार मवाळ, म्हणून सरकारने खास मंजुरी देऊन तिसरं मागवलं. अमेरिकन वाचकाला ही भविष्यातली भयंकर कल्पना वाटते. आपल्याकडचा वाचक हे वाचताना पापणीही हलवत नाही. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्या माणसाला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि 2005 च्या नियमांपासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं. एक निवृत्त ग्रामसेवक हा भाग वाचून म्हणाले, ‘सगळं ठीक आहे हो, पण त्या विगिनांच्या विरोधात तक्रारअर्ज कुणीच कसा केला नाही?’ एवढ्या बारकाईने हे पुस्तक अमेरिकेत कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

या कादंबरीवरचं सगळ्यात गाजलेलं वाचकमत खुद्द कार्डनेच 1991 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलंय. हुशार मुलांना मार्गदर्शन करणं हाच ज्यांचा व्यवसाय, अशा एका समुपदेशक बाईंनी त्याला पत्र लिहिलं. पुस्तक वाचायची गळ त्यांना त्यांच्या मुलानेच घातली होती. फार चांगलं आहे म्हणाला होता. बाईंनी वाचलं आणि त्यांना अतोनात राग आला. मुख्य आक्षेप असा की मुलं अशी बोलत नाहीत. हुशार मुलंसुद्धा नाहीत. जरा थांबून हा देखावा बघा. घरात एक हुशार मुलगा आहे, तो म्हणतोय, ‘आई, यात अगदी माझ्या मनातलं लिहिलंय.’ आणि आई लेखकाला कळवतेय की मुलांच्या मनात असलं काही नसतं, मी त्यातली तज्ज्ञ आहे! कार्डने उत्तरादाखल लिहिलं त्याचा मथितार्थ असा की, लहानपणी आपण लहान आहोत असं मला कधीच वाटलं नाही, मी सगळ्या वेळी पुरता माणूसच होतो. या ठिकाणी माझं मत लेखकाच्या बाजूने आहे, पण पत्रातली तक्रार मराठी घरात टिकलीच नसती, याचं कारण निराळं.

आपल्याकडे लहान मुलांनी मोठ्यांसारखं बोलणं ही अपेक्षितच गोष्ट धरलेली आहे. ज्ञानेश्वर रुसून झोपडीचं दार लावून बसले तेव्हा त्यांना बाहेर कुणी काढलं? धाकट्या मुक्ताबाईने. ताटीचे अभंग म्हणजे एका चिमुरड्या बहिणीने थोरल्या भावाचा घेतलेला तासच. ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा भावाचं वय सोळाच्या आसपास; बहीण त्याहूनही चार-पाच वर्षांनी लहान. चांगदेव नावाचे योगी चौदाशे वर्षं जगलेले, त्यांना या मुलांना पत्र लिहायचं होतं. पण मायना आदराचा घालावा की आशीर्वादाचा हेच सुचेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. तेव्हा चौदाशे वर्षं काढूनही हा कोराच राहिला, असा शेरा मुक्ताबाईने मारला अशी कथा आहे. आता सांगा, युद्धशाळेतला नऊ वर्षांचा सेनानायक यापेक्षा काय जास्त बोलतो? कार्डने मुक्ताबाईला पात्र केलं असतं, तर बाईंनी दुसरं पत्र लिहिलं असतं आणि ते कोरं नक्कीच नसतं.

शिवाय हुशार मूल या विषयावर मराठी आईवडिलांशी वाद घालायला कुणी समुपदेशकही धजणार नाही. आपल्याकडे हुशारी हा गृहीत धरलेला दागिना आहे. ‘हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही’ हे वाक्य मी ज्या घरात ऐकलं नाही असं घर मला अजून भेटायचंय. यात पहिला अर्धा भाग घराण्याबद्दल असतो आणि दुसरा त्या मुलाबद्दल. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1969 पासून बुद्धिमान मुलांची निवड करून शाळा चालवली. ती निवड हुकलेल्या मुलांचे पालक मला अनेक भेटले आणि प्रत्येकाने सांगितलं की त्या दिवशी पोराला ताप होता. या मंडळींच्या हाती ‘एंडर्स गेम’ पडलं की वाचनाचा सूरच बदलतो. मुलाला मारतात, छळतात, घरी सोडत नाहीत, याकडे त्यांचं लक्षच नसतं. एका पालकांनी पहिली साठेक पानं वाचून मला गंभीरपणे विचारलं, ‘पण निवडीचे निकष काय आहेत? ते नीट दिलेले नाहीत.’ दुसऱ्यांना सगळी युद्धशाळा ओळखीची वाटली. पहाटे उठवणं, क्रमवारी भिंतीवर लावणं, रडलं तरी घरी फोन नाही. ‘आमच्या पोराला लातूरला ठेवलं होतं तेव्हा असंच होतं,’ ते म्हणाले, ‘फक्त वजन होतं.’ म्हणजे गुरुत्वाकर्षण होतं, असं त्यांना म्हणायचं होतं.

मुलांची मतं वेगळी असतात. त्याच प्रस्तावनेत कार्डने एक पत्र दिलंय ते पर्ड्यू विद्यापीठात हुशार मुलांच्या निवासी वर्गाला आलेल्या एका मुलीचं. डझनभर सोबत्यांच्या वतीने ती लिहिते. घोळका करून त्यांनी हे पुस्तक आपलंसं केलं होतं. दुसरं पत्र आखाती युद्धातल्या एका लष्करी वैमानिकाचं. सौदी अरबस्तानात वाळूचं वादळ थांबायची वाट बघत बसलाय, पुढे जगतो की मरतो ठाऊक नाही, म्हणून आजच लिहून टाकतो म्हणाला. ही दोन पत्रं शेजारी शेजारी वाचली की विनोदी लेख लिहिणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून पुढे सरकतो.

लष्कराला हे पुस्तक मनापासून आवडलं. अमेरिकेच्या मरीन कोअरने ते आपल्या सैनिकांसाठीच्या वाचनयादीत घातलं. उद्देश असा की नेतृत्व कसं करावं ते कळावं. उलट बाजूला समीक्षक. 1987 साली इलेन रॅडफर्ड यांनी एंडर आणि हिटलर यांच्यात साम्यं दाखवणारा लेख लिहिला, आणि त्यावर कार्डने भरभक्कम उत्तर दिलं. 2004 साली जॉन केसेल यांनी, जे स्वतः विज्ञानकथा लिहितात, असा प्रश्न उपस्थित केला की ज्याचा हेतू शुद्ध त्याच्या हातून काहीही घडलं तरी तो निष्पाप, हे या कादंबरीने वाचकाच्या गळी कसं उतरवलं? इथे शेवट सांगणं भाग आहे. कुणाची हरकत असेल तर त्यांना एवढंच म्हणतो, की महाभारतात कोण जिंकलं हे माहीत असूनच आपण कीर्तनाला जातो. तर एंडरला वाटतं की तो सरावाची शेवटची परीक्षा देतोय. प्रत्यक्षात ते खरं युद्ध असतं आणि परीक्षा संपते तेव्हा परग्रहवासीयांची अख्खी जमात संपलेली असते. त्याला माहीतच नव्हतं, म्हणून तो निर्दोष. केसेल म्हणतात, हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. मला केसेल पटतात. म्हणजे पुस्तक एका बैठकीत संपवलं, रात्री जेवायलाही उठलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी केसेल पटले.

विज्ञानवादी वाचक हा आणखी एक प्रकार. नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेले आमचे एक प्राध्यापक मित्र आहेत. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जाणारं यंत्र पुस्तकात दिसताच त्यांनी पेन्सिल काढली आणि समासात प्रश्नचिन्ह केलं. त्या यंत्राला ‘अ‍ॅन्सिबल’ म्हणतात आणि ते नाव कार्डने उर्सुला ली ग्विन यांच्या 1966 सालच्या कादंबरीतून सरळ उचललंय. हे मी सांगितल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं, बहुधा नीतिमत्तेचं. पण सरावदालनाचं प्रकरण आलं आणि प्राध्यापक विरघळले. वजनरहित, प्रचंड पोकळ खोली. दोन फौजा दोन दारांतून आत येतात. हातातल्या पिस्तुलाचा झोत लागला की अंगावरचा पोशाख त्या जागी ताठरतो. बाकीची मुलं बाहेरच्या वाटेवर जिकडे जमीन होती तिकडेच आतही जमीन धरून बसतात आणि उभ्याने गोळ्या खातात. एंडर दारातच ठरवतो की शत्रूचं दार खाली आहे. खाली म्हटलं की पाय तिकडे. मग तो पायांवर पडल्यासारखा जातो. शत्रूला दिसतात फक्त तळवे, पाय गोठले तरी तीच ढाल होते आणि हात मोकळे राहतात. प्राध्यापकांनी हे मला दिवाणखान्यात सोफ्यावर आडवं होऊन करून दाखवलं. मुख्य दरवाजा म्हणजे शत्रू, असं धरून. तेवढ्यात वहिनी दारातून भाजी घेऊन आल्या.

काही वाचकांना सगळं पटतं, पण भावंडांचं प्रकरण पटत नाही. एंडर वर अंतराळात असताना इकडे बारा वर्षांचा पीटर आणि दहा वर्षांची व्हॅलेंटाइन टोपणनावांनी राजकीय लेख लिहायला लागतात. तो लॉक होतो, ती डेमॉस्थिनीस. आणि काय आश्चर्य, लोक वाचतात! सरकारं दखल घेतात, जगाचं राजकारण हलतं. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ नागरिकांना मी हा भाग मुद्दाम वाचायला दिला. त्यांची पत्रं छापून येतात, शिवाय ते खऱ्या नावाने लिहितात. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारातून त्यांच्या गल्लीतला दिव्याचा एक खांबही हललेला नाही. पुस्तक परत करताना ते म्हणाले, ‘अंतराळयान, मुंग्या वगैरे मी मान्य केलं. पण हे अशक्य आहे.’

‘खरी कादंबरी ही नाहीच, पुढची आहे’ असं म्हणणारेही असतात आणि वैताग असा की त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. कार्डला मुळात ‘स्पीकर फॉर द डेड’ लिहायची होती. मोठेपणीच्या एंडरची पूर्वपीठिका हवी म्हणून त्याने जुन्या कथेची कादंबरी केली. नमनाला घडाभर तेल गेलं आणि लोकांना नमनच इतकं आवडलं की मूळ नाटकाकडे त्यातले निम्मेच वळले. 1986 साली आलेल्या त्या नाटकालाही दोन्ही पुरस्कार मिळाले, तरी त्याच्या चाहत्यांच्या चेहऱ्यावरचा अन्याय काही जात नाही. ते लग्नात मागच्या रांगेत बसतात आणि जेवण पहिल्या पंगतीपेक्षा दुसऱ्या पंगतीत चांगलं होतं असं सांगतात.

मुली मात्र थेट मुद्द्याला हात घालतात. एवढ्या मोठ्या शाळेत नाव घेण्याजोगी एकच पेट्रा? मुली चाचण्यांत फारशा उतरत नाहीत, असं कारण ग्रॅफसाहेब देतात. दहावीच्या निकालाच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्या मराठी माणसाला हे कारण सगळ्या पुस्तकात सर्वांत जास्त काल्पनिक वाटेल.

2013 साली सिनेमा निघाला. सहा वर्षांचा एंडर पडद्यावर चांगला चौदा-पंधरा वर्षांचा झाला, त्यामुळे वाचक नाराज. हॅरिसन फोर्ड ग्रॅफ झाले. बेन किंग्जली तोंडभर गोंदवून एंडरचे गुरू झाले, आणि ज्यांनी त्यांना 1982 साली चरखा चालवताना पाहिलं होतं त्या पिढीने पोराला युद्ध शिकवणारे गांधीजी बघून घेतले. त्याच सुमारास कार्डच्या समलिंगी विवाहाविरोधातल्या उघड भूमिकेमुळे सिनेमावर बहिष्काराची हाक आली. पुस्तक आवडतं पण लेखक नाही, अशांनी काय करावं? बऱ्याच अमेरिकन वाचकांनी तोडगा काढला: विकत घ्यायचं नाही, ग्रंथालयातून आणायचं, म्हणजे लेखकाला पैसा जात नाही. आमचे पुणेकर सर्व लेखकांच्या बाबतीत हे तत्त्व पूर्वीपासून पाळत आलेत.

एक मत वयाबरोबर सरकतं, ते मला जास्त विश्वासाचं वाटतं. बाराव्या वर्षी वाचणारा एंडर असतो. चाळिशीत, हाताखाली दहा माणसं आल्यावर, तोच वाचक दुसऱ्यांदा वाचतो आणि मग त्याला कर्नल ग्रॅफचे संवाद पटायला लागतात. ‘बिचाऱ्याला वरूनही बोलणी आणि खालूनही’ असं एकजण म्हणाला तेव्हा आपण एका पोराला मुद्दाम एकटं पाडणाऱ्या माणसाबद्दल हळहळतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या कार्यालयातल्या कुणा एंडरला याच सुमारास रविवारी कामावर बोलावलं होतं म्हणे.

आईवडिलांचं वय मात्र या कादंबरीत येतच नाही. विगिन पतीपत्नी नावाला आहेत. तिसरं पोर सरकारी गाडीतून जातं, आई रडते, आणि मग पानंच्या पानं त्यांचा पत्ता नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हे पुस्तक शाळेत होतं, म्हणून तिने वाचलं आणि याच कारणाने ती लेखकावर नाराज झाली. मी तिची समजूत घालायला फोन केला. कार्डने ही उणीव पुढे भरून काढलीय, 2001 सालच्या ‘शॅडो ऑफ द हेगेमॉन’मध्ये कळतं की आईवडिलांना सगळं ठाऊक होतं, पोरं टोपणनावाने काय उद्योग करतात ते दोघं मुकाट बघत होते, असं सगळं रंगवून सांगितलं.

‘म्हणजे दादा, पीटर रात्री-बेरात्री जगाचं राजकारण लिहीत बसलाय, हे त्याच्या आईला माहीत होतं?’

‘पूर्ण माहीत होतं.’

‘आणि शाळेचा गृहपाठ?’

‘त्याबद्दल पुस्तकात काही नाही गं.’

‘बघ,’ ती म्हणाली, ‘सांगितलं होतं ना, या माणसाला आई कळतच नाही म्हणून.’